ॲपने खूण केली, मग पुढे?

अंगणवाडी ताईंच्या हातात आता वजनकाट्याइतकाच मोबाइल महत्त्वाचा झाला आहे. मुलांची हजेरी, वजन, उंची, आहार हे सारे ‘पोषण ट्रॅकर’वर भरावे लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आणि वाढीत मागे राहणारे मूल लवकर ओळखण्याचे कामही ताईंच्या यादीत आले. प्राथमिक शाळेत गुरुजींच्या मोबाइलवर ‘प्रशस्त’ आहे. एनसीईआरटीच्या या ॲपमध्ये वर्गशिक्षकाने मुलाविषयीची प्रश्नावली भरायची आणि कायद्यातील २१ अपंगत्वांपैकी कशाची लक्षणे दिसतात का, हे नोंदवायचे असते. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या २१ मध्ये येते. तिसरा मोबाइल असतो पालकांचा. ‘मूल बोलत नाही’ एवढे त्यावर शोधले, तरी मुलाला बोलते करणाऱ्या, शिकवणाऱ्या, तपासणाऱ्या ॲपची रांग समोर येते.

एवढी साधने हाती आली ही चांगलीच गोष्ट आहे. पण ‘ऑटिझमचे ॲप’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. काही ॲप मुलातील लक्षणे टिपतात, काही न बोलणाऱ्या मुलाला बोलण्याचे साधन देतात, तर काही खेळातून मुलाला शिकवण्याचा दावा करतात. तिन्हींच्या मागचा शास्त्रीय पुरावा सारखा नाही. शहरातील पालक चूक झाली तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाऊ शकतात. शाहूवाडीसारख्या तालुक्यात तशी सोय नाही, म्हणून हा फरक तिथूनच पाहू.

मलकापूर ते कोल्हापूर

शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेदोन लाखांहून अधिक. मलकापूर, बांबवडे, सरूड अशी मोजकी बाजाराची गावे सोडली, तर बाकी वस्ती डोंगरकपारीत, वाड्यांमध्ये विखुरलेली. मलकापूरहून कोल्हापूर ४५ ते ५० किलोमीटर. आंबा किंवा विशाळगडाकडच्या वाडीतून निघायचे, तर त्यात आणखी भर.

स्वमग्न मुलाला वाचा उपचार किंवा व्यवसायोपचार लागला, तर तो आठवड्यातून एक-दोनदा आणि महिनोन्‌महिने चालतो. म्हणजे दर वेळी एका मोठ्या माणसाचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे पडते, आणि गर्दी व आवाज सहन न होणाऱ्या मुलाला गर्दीच्या गाडीत दोन वेळा बसवावे लागते. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. औषधाची बाटली एकदा आणून महिनाभर पुरवता येते, वाचा उपचार तसा आणता येत नाही. त्यामुळे सुरुवात केलेली अनेक कुटुंबे मध्येच थांबतात. त्यात त्यांचा दोष नाही.

स्वमग्नता हा संसर्ग नाही, आईबापाच्या वागण्याचा परिणामही नाही. मेंदूची जडणघडण जन्मापासून वेगळी होते आणि त्याचा परिणाम दुसऱ्यांशी संवाद साधण्यावर, वागण्यातील तोचतोचपणावर, आवाज-स्पर्श-उजेड यांच्या जाणिवेवर होतो. ती ओळखणारी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. मूल कसे बघते, हाकेला कसे वळते, कसे खेळते याचे निरीक्षण करूनच निदान होते.

अशी मुले किती? देशात पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रवणदोष, दृष्टिदोष, फिट्स, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता असे मेंदूच्या व चेतासंस्थेच्या वाढीचे प्रश्न मोजले, तेव्हा दोन ते सहा वर्षांखालील ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांमध्ये त्यांपैकी किमान एक आढळला. त्यातील स्वमग्नतेचे प्रमाण साधारण शंभरात एक होते. हा हिशेब धरला, तर दोनशे पटाच्या शाळेत सरासरी दोन स्वमग्न मुले असायला हवीत. गावात त्यांना सहसा या नावाने कोणी ओळखत नाही. कोणी ‘हट्टी’ ठरते, कोणी ‘खुळं’, कोणी ‘मुकं’, तर कोणाबद्दल ‘बाप पण उशिराच बोलला होता’ असे सांगून विषय संपतो.

चाळणी आणि निकाल

निदान निरीक्षणावर होते, आणि मोबाइलला कॅमेरा व स्पर्शाचा पडदा आहे. मग मोबाइलनेच निरीक्षण केले तर? या कल्पनेवर गेली काही वर्षे गंभीर काम चालू आहे. भारतात ‘स्टार्ट’ नावाच्या ॲपवर ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठ, ‘संगाथ’ ही संस्था, आयआयटी मुंबई आणि दिल्लीतील एम्स यांच्या संशोधकांनी एकत्र काम केले. मूल टॅब्लेटवर फुगे फोडते, रंग भरते, माणसांची व वस्तूंची दृश्ये बघते. त्याची नजर आणि बोटांची हालचाल यंत्र टिपते. हे काम डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केले. दोन ते सात वर्षांच्या १३१ मुलांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. वाढीच्या प्रश्नांची मुले वेगळी काढण्यात ॲप सुमारे ८६ टक्के अचूक ठरले, तर नेमकी स्वमग्नता ओळखण्यात सुमारे ७८ टक्के.

त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ ते ३६ महिन्यांच्या ४७५ मुलांवर अशाच दुसऱ्या ॲपची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातील ४९ मुले स्वमग्न होती. ॲपने त्यांपैकी ८७.८ टक्के बरोबर पकडली, आणि सर्वसाधारण वाढ असलेल्यांपैकी ८०.८ टक्के मुलांना बरोबर सोडून दिले.

हे आकडे ऐकायला भक्कम वाटतात. तेच एका तालुक्याला लावून पाहू. गणितापुरती एक हजार मुले घ्या. शंभरात एक या प्रमाणाने त्यांत दहा स्वमग्न असतील. ॲप त्यांतील नऊ पकडेल, एक सुटेल. उरलेल्या ९९० मुलांपैकी १९ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे १९० मुलांवरही ॲप चुकून खूण करेल. एकूण खुणा १९९, आणि त्यांत खरोखर स्वमग्न नऊ. म्हणजे खूण झालेल्या शंभर मुलांमागे पाचसुद्धा नाहीत. मूळ अभ्यासात हे प्रमाण शंभरात चाळीस होते, कारण तिथे दहातले एक मूल स्वमग्न होते. गावात शंभरातले एक असते. ॲप तेच राहिले, तरी माणसे बदलली की उत्तराचा अर्थ बदलतो.

याचा अर्थ असे ॲप निरुपयोगी असा नाही. हजार मुलांतून दोनशे बाजूला काढणारी चाळणी मोलाचीच आहे, कारण हजार मुलांना तपासण्याइतके तज्ज्ञ जिल्ह्यात नाहीत. शिवाय खूण झालेल्या, पण स्वमग्न नसलेल्या मुलांपैकी काहींना कमी ऐकू येत असेल किंवा बोलण्याचा वेगळा प्रश्न असेल. त्यांनाही मदत लागेलच. पण चाळणीवर राहिले त्याला निकाल म्हणता येत नाही. ती खूण म्हणजे ‘या मुलाकडे एकदा नीट पाहा’ एवढाच निरोप. आणि खूण न झालेल्या मुलाच्या आईला काळजी वाटत असेल, तर ‘ॲपमध्ये काही आले नाही’ असे सांगून तिला परत पाठवणे धोक्याचे. सुटलेले दहावे मूल तेच असू शकते.

दुसऱ्यांदा पाहण्यासाठी प्रत्येक वेळी कोल्हापूर गाठावे लागते का? नाही. लहान मुलांसाठी जगभर वापरली जाणारी २० प्रश्नांची एम-चॅट ही प्रश्नावली दोन टप्प्यांत चालते. आधी पालक हो-नाही उत्तरे देतात. मग शंकास्पद उत्तरांवर पालकांशी बोलून उदाहरणे विचारली जातात. ‘बोट दाखवतो का?’ एवढ्यावर न थांबता ‘काय दाखवायला? दाखवताना तुमच्याकडे वळून बघतो का?’ असे विचारतात. अमेरिकेतील १६ हजार मुलांवरच्या २०१४ च्या अभ्यासात या दुसऱ्या टप्प्यानंतरही उरलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी स्वमग्न निघाली, आणि सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये वाढीविषयीचा कुठला ना कुठला प्रश्न आढळला. पंधरा-वीस मिनिटांचे हे संभाषण प्रशिक्षित माणूस फोनवरूनही करू शकतो. तालुक्याला परवडेल आणि चालेल, असा हा मार्ग आहे.

न बोलणाऱ्याचा आवाज

दुसऱ्या प्रकारची ॲप मुलाची परीक्षा घेत नाहीत, त्याला बोलायला साधन देतात. चित्रावर बोट ठेवले की यंत्र तो शब्द उच्चारते. ही कल्पना मोबाइलपेक्षा जुनी आहे. चित्रांची कार्डे हातात देऊन मागणी करायला शिकवण्याची पद्धत १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मोबाइलने त्या कार्डांना आवाज दिला.

आपल्याकडे यात दोन नावे ठळक आहेत. चेन्नईत अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाझ’, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प शिक्षण विभागात प्रा. रवी पूवय्या यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले ‘जेलो’. जेलो मोफत असून मराठीतही वापरता येते. पडद्यावर खाणे, खेळणे, माणसे, ठिकाणे, रोजची कामे, मदत असे गट असतात आणि कडेला सहा बटणे. एका बाजूला आवडते, हो, आणखी. दुसऱ्या बाजूला आवडत नाही, नाही, कमी.

यातील ‘नाही’ला कमी लेखू नये. ज्या मुलाला नकार सांगता येत नाही, ते ताट भिरकावते, चावते, डोके आपटते. घरचे त्याला हट्ट समजतात. नकार सांगायचा दुसरा रस्ता मिळाला, की असे वागणे कमी होते, हा अनेक वर्षांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलेला अनुभव आहे.

पालकांची पहिली शंका ठरलेली असते. यंत्र बोलू लागले, तर मूल तोंडाने बोलायचा प्रयत्नच सोडेल. पुरावा उलट सांगतो. २००६ मध्ये अशा साधनांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. काटेकोर अभ्यासांतील २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचे तोंडी बोलणे वाढले, उरलेल्यांत फरक पडला नाही, आणि कमी कोणाचेच झाले नाही. संख्या लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत पाच ते आठ वर्षांच्या, जवळजवळ न बोलणाऱ्या ६१ मुलांवर चाचणी झाली. खेळातून संवाद शिकवण्याची पद्धत दोन्ही गटांत तीच होती, फक्त एका गटाला त्यासोबत बोलणारे यंत्र दिले. यंत्र मिळालेली मुले आपणहून अधिक बोलली.

मात्र त्या चाचणीत यंत्राच्या शेजारी सतत एक मोठे माणूस होते. मुलाच्या हातात ॲप दिले आणि आई स्वयंपाकाला लागली, तर मूल चित्रे दाबून आवाज ऐकत बसेल. त्याला संवाद म्हणता येणार नाही. मोठ्यांनीही त्याच चित्रांवर बोट ठेवत बोलायचे असते. ‘चल, अंघोळ’ म्हणताना अंघोळीचे चित्र दाबायचे. बाळ बोलायला लागण्याआधी वर्षभर आपण त्याच्याशी बोलतोच की. इथेही तेवढाच धीर लागतो.

तालुक्यात वापरताना आणखी तीन अडचणी येतात. पहिली भाषेची. ॲपचा आवाज ‘मला पाणी हवे आहे’ असे पुस्तकी मराठीत बोलतो, घरात मात्र ‘आये, पाणी दे की’ असे चालते. काही ॲपमध्ये स्वतःचे फोटो आणि स्वतःचा आवाज भरता येतो. तसे असेल तर आपल्या घरातील तांब्या, आपली म्हैस, आपल्या आजीचा फोटो आणि घरच्या माणसाचा आवाज वापरावा. शब्दाला चित्रे जोडण्यात आधीच अडचण असलेल्या मुलाला परका पेला ओळखण्याचे जास्तीचे ओझे कशाला?

दुसरी अडचण नेटवर्कची. ॲप उतरवल्यावर इंटरनेटशिवाय चालते का, हे घेण्याआधी तपासावे. तिसरी अडचण सर्वांत साधी आणि सर्वांत मोठी. घरात चांगला मोबाइल एकच असतो आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असतो. म्हणजे सकाळी आठला मुलाचा आवाज घराबाहेर जातो आणि रात्री परत येतो. यावर उपाय कागदाचा आहे. रोज लागणारी पंधरा-वीस चित्रे छापून, लॅमिनेशन करून, एका पुठ्ठ्यावर लावावीत. त्याला चार्जिंग लागत नाही आणि ते पावसात भिजत नाही. मोबाइल आला की तीच चित्रे त्यावर. जे मूल पुठ्ठ्यावर बोलते, ते पुढे टॅब्लेटवरही बोलते.

खेळता खेळता उपचार?

तिसरा प्रकार आहे शिकवणाऱ्या खेळांचा. चेहऱ्यावरचे भाव ओळखा, माणूस कुठे बघतो ते शोधा, रंग जुळवा. मुले त्यात रमतात आणि गुणही वाढतात. प्रश्न असा, की पडद्यावरची प्रगती अंगणात उतरते का? एडिंबरामधील संशोधकांनी सहा वर्षांखालील ५४ स्वमग्न मुलांवर अशा एका खेळाची नीट चाचणी घेतली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलांना खेळ आवडला, पालकही समाधानी होते. पण पालकांबरोबर प्रत्यक्ष खेळताना, ॲप वापरलेली आणि न वापरलेली मुले यांच्या संवादात फरक दिसला नाही. पडद्यावर चेहरा शोधायला शिकलेले मूल आईच्या चेहऱ्याकडे जास्त बघू लागलेच असे नाही.

म्हणून महिन्याला पैसे भरून घ्यायच्या ॲपने ‘ऑटिझम बरा करतो’ असा दावा केला, तर तिथेच थांबावे. खेळ म्हणून ते वापरायला हरकत नाही. उपचार म्हणून त्यावर विसंबू नये.

याच ठिकाणी ‘मोबाइलमुळे ऑटिझम होतो’ या समजाचाही विचार केला पाहिजे. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द हल्ली सर्रास ऐकू येतो. वैद्यकीय वर्गीकरणात असे निदान नाही. दिवसाचे चार-पाच तास पडद्यापुढे बसणाऱ्या बाळाशी घरचे कमी बोलतात, त्यामुळे त्याचे बोलणे मागे पडू शकते, हे खरे. दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्ही अजिबात नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एका तासाहून जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, ते पाळलेच पाहिजे. पण ‘आधी मोबाइल बंद करून सहा महिने बघू, मग डॉक्टर’ हा सल्ला घातक आहे. मोबाइल आजच बंद करावा आणि तपासणीही आजच करावी. मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो त्या वयातील सहा महिने परत मिळत नाहीत.

मग बोलण्याचे ॲप आणि मोबाइलबंदी यांचा मेळ कसा घालायचा? चष्म्याची काच आणि टीव्हीची काच आपण एक मानत नाही, तसेच हे. बोलण्यासाठीचा मोबाइल किंवा टॅब्लेट शक्यतो वेगळा ठेवावा. ते जमले नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये एकच ॲप उघडे राहील अशी सोय करावी. त्यावर गाणी-व्हिडिओ लावले, की मुलाच्या दृष्टीने त्याचा अर्थ बदलतो.

गोव्याने दाखवलेला रस्ता

शाहूवाडीला लागून रत्नागिरी आणि कोकण किनाऱ्याने खाली गेले की गोवा. तिथे ‘संगाथ’ने केलेला प्रयोग आपल्याला जास्त जवळचा आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी अशा दोन ठिकाणी, दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांना घेऊन ही चाचणी झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आले. तज्ज्ञ नसलेले, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले आरोग्य कार्यकर्ते पालकांसोबत १२ सत्रे करत. पद्धत साधी होती. पालक आणि मूल खेळत असताना चित्रीकरण करायचे, आणि मग पालकांसोबत बसून ते बघायचे. ‘इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, तुम्ही तेव्हा थांबलात, म्हणून त्याने आवाज केला’ असे क्षण शोधायचे.

उपचार मुलावर थेट होत नव्हते, पालकांच्या नजरेवर होत होते. आठ महिन्यांनी मोजले, तेव्हा मुलाच्या लयीत प्रतिसाद देण्याचे पालकांचे प्रमाण वाढले होते आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही. सगळेच सुधारले असे नाही. दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला, हेही संशोधकांनी नोंदवले आहे.

या प्रयोगात लागलेले यंत्र म्हणजे कॅमेरा. तो आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटांचा खेळाचा व्हिडिओ, आणि तो पालकांसोबत बसून बघणारा प्रशिक्षित माणूस, एवढ्यावर तालुक्यात बरेच काही उभे राहू शकते. व्हिडिओ काढायला आज अडचण नाही. अडचण आहे, तो बघायला बसणाऱ्या माणसाची.

तालुक्यात काय आहे, काय हवे

सरकारी चौकट कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. वाढीतील विलंब हा त्यांच्या तपासणीचा एक भाग आहे. त्यांनी पाठवलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचारतज्ज्ञ एका छताखाली असावेत. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी २०१६ पासून मान्य आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर दिव्यांग ओळखपत्र, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच मिळू शकते. विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये राज्यांना मंजूर पदे जाहीर करून ती भरण्यास सांगितले. प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरलेले आहे.

चौकट आहे, साधने आली आहेत. मधला दुवा मात्र अजून कच्चा आहे. अंगणवाडी ताईंनी खूण केली, शिक्षकांनी ‘प्रशस्त’ भरले, त्यानंतर त्या मुलाच्या घरी फोन कोणी करायचा, दुसरी चौकशी कोणी करायची, कोल्हापूरला गेल्यावर नेमके कोणत्या दिवशी, कोणाला भेटायचे? हे ठरलेले नसेल, तर ॲप जितके चांगले, तितकी घोर लागलेली घरे वाढतील. त्यांना एक भीतिदायक शब्द मिळेल आणि पुढचा पत्ता मिळणार नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची असावी. पहिली, खूण झाल्यापासून पंधरा दिवसांत फोनवर दुसरी चौकशी, आणि गरज असलेल्यांची तालुक्यातच श्रवण तपासणी. दुसरी, आठवड्यातून एक ठरलेला दिवस वाचा उपचारतज्ज्ञाने मलकापूरला यावे. पन्नास कुटुंबांनी कोल्हापूरला जाण्यापेक्षा एका माणसाने इकडे येणे सगळ्यांनाच स्वस्त पडते. मधल्या दिवसांत तोच तज्ज्ञ व्हिडिओवरून मार्गदर्शन करू शकेल. तिसरी, न बोलणाऱ्या मुलासाठी टॅब्लेट हे श्रवणयंत्र किंवा चाकाच्या खुर्चीसारखेच साहाय्यक साधन मानले जावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून एका मुलाला एक साधा टॅब्लेट, हा प्रस्ताव ग्रामसभेत मांडायला काहीच हरकत नाही.

एक काळजी माहितीचीही. तपासणीची ॲप मुलाचा चेहरा, आवाज, वागणे टिपतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, असे आहे. शाळेतील यादी वर्गात वाचून दाखवणे किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे तर कोणत्याही सबबीवर नको. लहान गावात एकदा चिकटलेला शब्द मोठेपणीही सुटत नाही.

पालकांनी आज काय करावे

वर्षाच्या बाळाने हाकेला वळायला हवे. सव्वा वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवायला हवी. १६ महिन्यांपर्यंत एखादा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडून यायला हवेत. यांपैकी काही नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात मागे गेले, तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. अंगणवाडी ताईंना, आशाताईंना सांगावे आणि बाल स्वास्थ्य पथकाची भेट कधी आहे ते विचारावे. डॉक्टरांकडे जाताना घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्यावेत: हाक मारतानाचा, खेळतानाचा, जेवतानाचा. दवाखान्यात दहा मिनिटांत जे दिसत नाही, ते त्यात दिसते. निदानाची वाट न पाहता घरी चित्रांचा पुठ्ठा सुरू करावा. त्याने नुकसान काहीच नाही.

आणि कोणतेही ॲप निवडताना एक प्रश्न विचारावा. हे वापरताना मूल माझ्याकडे जास्त वळते, की माझ्यापासून दूर जाते? जवळ आणत असेल तर ठेवावे, दूर नेत असेल तर काढून टाकावे.

शासनासाठीही मोजमाप एकच पुरे. किती प्रश्नावल्या भरल्या, किती मुलांवर खुणा झाल्या, याचे आकडे पडद्यावर आपोआप दिसतात. त्याशेजारी आणखी एक रकाना वाढवावा: खूण झालेल्या दिवसापासून त्या मुलाच्या पहिल्या उपचार सत्रापर्यंत किती दिवस गेले? शाहूवाडीत तो आकडा किती आहे, यावरून कळेल की त्या ॲपचा मुलाला उपयोग झाला की नुसता नोंदीला.